एकच चष्मा

मशीन आलं तेव्हा खोक्यात चष्मा एकच होता,
हिरवट काचेचा, कानामागे बोचणारा.
घाटंजीत बसस्टँडमागे आमचं केशकर्तनालय.
आरशाखाली मी पाटी लावली: गोंदण काढून मिळेल.

भरतीचे दिवस होते.
पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावणारी पोट्टी
दुपारी यायची, दंड पुढे करायची.
विंचू, बदाम, बदामात कुणाचं तरी नाव,
एकाच्या छातीवर तर ट्रॅक्टरची कंपनी.

ऊर्मिला आत्राम शेवटी आली, पारव्याहून,
एसटीतून उतरून थेट.
मनगटावर तिचंच नाव, जत्रेत गोंदलेलं,
आणि तेही चुकलेलं. उ ऱ्हस्व, मी दीर्घ.
"पोलिसात गेली तं रोज सही करा लागन," म्हणाली,
"अन् हे मले रोज खोटं पाडन."

चष्मा मी तिच्या डोळ्यांवर चढवला.
फार विचार करून नाही.
गिऱ्हाईक आधी, असं बाबांनी शिकवलेलं,
धुतलेला टॉवेलसुद्धा आधी त्यालाच.

हे यंत्र सलग जळत नाही, ठोका देतं.
सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा,
त्यातले सहा उचला,
एवढाच एक ठोका.
त्या उजेडाला दिसेल असा रंग नाही.
कातडीतून जातो, पाण्यातून जातो,
कुठं फारसा थांबत नाही,
काळं सापडलं की मात्र तिथंच मोकळा होतो.
पट्, पट्,
जसं कुणी लांब बांधावर
वाळल्या तुरीच्या शेंगा मोडतंय.

'उ' पांढरा फटक पडला. रफार पडला.
'मी'च्या वेलांटीवर माझा हात घामानं सरकला
आणि टोक वळलं कात्र्यांच्या स्टीलच्या ट्रेकडे.

पट्.
हा आवाज डोक्याच्या आत झाला.
दुखलं नाही.
पापणीही मिटली नाही,
न दिसणाऱ्याला पाहून ती मिटणार कशी?
ट्रेवर एक लालसर थेंब दिसला.
मी ट्रे सरकवला.
थेंब जागेवरच राहिला, मग माझ्यासोबत भिंतीवर आला,
कॅलेंडरवर आला, ऊर्मिलाच्या तोंडावर आला.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर
माझा डोळा उभा कापून दाखवला,
विहीर खणताना दिसतात तसे थर.
"ही खालची काळी ओळ."
मी म्हटलं, आमच्या वावरात दोन हात खोल अशीच असते.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, या पेशी भरकटलेला उजेड पिऊन टाकतात
म्हणून तुम्हाला स्वच्छ दिसतं.
प्रत्येकीच्या पोटात काळे दाणे,
तिळापुढेही धूळ वाटावी इतके बारीक.
ठोका त्यांच्यावर पडला, आणि असा घाईत
की ऊब शेजाऱ्याला द्यायला दाण्याला वेळच नाही.
भोवतीचं पाणी उकळलं, बुडबुडा फुगला,
पेशी आतून फुटली.
जळली नाही, फुटली. हे त्यांनी दोनदा सांगितलं.
मला कढईतली ज्वारीची लाही आठवली.
लाही निदान खाता तरी येते.

"परत येतील?"
"कडेच्या पेशी थोड्या पसरतील," त्या म्हणाल्या,
आणि पुढचं लिहायला लागल्या.

आता उजव्या डोळ्यानं ज्याच्याकडे सरळ पाहावं
त्याला तोंड नसतं. कान असतात, कॉलर असते.
दाढी करताना मान तिरकी ठेवतो,
गिऱ्हाइकांना वाटतं मी रेडिओ ऐकतोय.
मशीन पेटीत आहे, वर पोतं.

ऊर्मिला मागच्या बुधवारी आली.
धावण्यात पहिली, लेखीत दोन मार्कांनी मागे.
मनगटावरची बाकी अक्षरं पुसट झालीत,
'ला' तेवढा ठणठणीत.
"दादा, याचं काय?"
मी पेटीतून चष्मा काढून दाखवला. एकच.
"मंग दुसरा मांगव ना," ती म्हणाली, "थांबन मी."

मी तिचा हात उजेडाकडे धरला,
डावा डोळा मिटला
आणि 'ला'कडे सरळ पाहिलं.
तिथं काहीच नव्हतं.